अँप घेताना नुसते वॅट बघू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला स्पीकर आणि अँप्लिफायरवरचा लेख वाचला. बाकी ठीक होता, पण 'स्पीकरवर जेवढे वॅट लिहिलेत तेवढ्याच वॅटचा अँप घ्या' हे वाचून राहवलं नाही, कारण हाच सल्ला ऐकून मी एकदा तोंडावर पडलोय.

माझे स्पीकर जुने, उभे टॉवर, ४ ओहमचे (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, आकडा जितका कमी तितका करंट जास्त) आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला किती आवाज निघतो ते, पण बेताचीच. त्यांना १०० वॅटचा रिसीव्हर, म्हणजे रेडिओसकटचा अँप, लावला. हळू आवाजात काही तक्रार नाही, पण जरा आवाज वाढवला आणि डग्ग्यावर जोरात थाप पडली की आतून टक्क, लाल दिवा आणि सगळं चिडीचूप. रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर हात ठेववत नव्हता. मला वाटलं पीसच खराब, बदलून आणला तर तोही तसलाच. मग कुठे मॅन्युअलमधली बारीक अक्षरं वाचली: १०० वॅट म्हणजे ६ ओहमवर, एकच चॅनल (म्हणजे एकच स्पीकर) चालू असताना, १० टक्के डिस्टॉर्शन धरून! म्हणजे फाटक्या आवाजाचे १०० वॅट.

खरी भानगड करंटची आहे. समजा अँपमधून २० व्होल्ट निघतायत, तर ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, ४ ओहमचा ५ आणि २ ओहमचा तब्बल १०. आणि स्पीकरचे ओहम काही स्थिर नसतात, फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेचं स्टँडर्ड सांगतं की लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायचं नाही, म्हणजे ४ ओहमवाला ३.२ च्या खाली नको, पण कंपन्या ते सर्रास धाब्यावर बसवतात. त्यात बेसच्या भागात फेज अँगल (व्होल्ट आणि करंट यांच्या वेळेतला फरक) वाकडा असेल तर अँपचे हाल आणखी.

सेन्सिटिव्हिटीतही एक गंमत आहे. ती बहुतेक वेळा २.८३ व्होल्टला मोजतात, हे ८ ओहमवर १ वॅट होतं पण ४ ओहमवर २ वॅट, त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरवर ८७ डेसिबल लिहिलं असलं तरी १ वॅटला तो ८४ च देतो. ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर हे लक्षात घ्या.

पण सेन्सिटिव्हिटी कमी म्हणजे स्पीकर अँपला जड असंही सरसकट नाही हां. बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर घ्या, जेमतेम ८२-८३ डेसिबलचा, पण मूळचा १५ ओहमचा, करंट फारसा मागतच नाही, त्यामुळे लोक तो व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) छोट्या अँपवरही मजेत वाजवतात.

म्हणून अँप घेताना ८ आणि ४ ओहम दोन्हींचे आकडे मागा, दोन्ही चॅनल एकदम चालू असतानाचे. ४ ओहमला पॉवर दुप्पट किंवा त्याच्या जवळपास जात असेल तर पॉवर सप्लाय दमदार आहे. ४ ओहमचा आकडाच दिला नसेल तर मी तरी हात जोडून निघून येतो. आता माझ्याकडे ८ ओहमला ६० आणि ४ ला ११० वॅटवाला आहे, उचलताना कंबर धरते एवढा ट्रान्सफॉर्मर आहे त्यात, पण लाल दिवा एकदाही लागलेला नाही.

पुढच्या वेळी अँपचा तक्ता छापाल तेव्हा ४ ओहमचा एक रकाना तेवढा वाढवा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक