हास्यक्लब सभासदांना सूचना: सोमवारपासून लगोरीही

सर्वांना नमस्कार. सोमवारपासून हसण्याच्या 20 मिनिटांनंतर 10 मिनिटे लगोरी खेळायची आहे. पायात बूट हवेत. चपलेत वळताना घोटा मुरगळतो.

हसताना एक तळहात पोटावर ठेवा. ‘हो हो, हा हा हा’ म्हणताना प्रत्येक ‘हो’ला पोट आत गेले पाहिजे. हात हललाच नाही तर आवाज नुसता घशातून निघतोय. असा घसा लवकर बसतो, खोकलाही सुटतो. एक हास्यप्रकार अर्धा मिनिट, मग दोन दीर्घ श्वास, नाकाने आत, तोंडाने सावकाश बाहेर. घाईत हेच श्वास गाळले जातात. सलग भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसे वाटले तर लगेच खाली बसा.

हर्निया, काचबिंदू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जोरात हसल्याने पोटातला दाब वाढतो. तोवर मौनहास्य करा, त्यात कमीपणा नाही.

लगोरीला सात चपट्या फरश्या आणि मऊ चेंडू. नेम कमरेखालीच धरायचा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी लगोरी स्टुलावर रचू, म्हणजे वाकायला नको. ठरवून केलेल्या हसण्याला सुरुवातीला जे लाजतात, त्यांनी आधी लगोरीतच यावे. सातवी फरशी ठेवताना रचलेली लगोरी ढासळली की हसू आपोआप फुटते.

नाश्ता सत्रानंतर करा. पाण्याची बाटली आणा.