अमेले भाषेत शुभवर्तमान

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

लहानशा पापुआ भाषेत शुभवर्तमान आणताना सगळ्यात जास्त चुका कुठे होतात, असं तू विचारलंस. माझ्या मते क्रियापदांच्या प्रत्ययांत.

पापुआ न्यू गिनीत मदांग शहराजवळ अमेले बोलतात. मराठीसारखंच तिथेही क्रियापद शेवटी येतं. ‘घरी जाऊन जेवला’ म्हटलं की जाणारा तोच जेवणारा, हे आपल्याला कळतं. अमेलेत पुढच्या क्रियेचा कर्ता बदलणार असेल, तर त्यालाही वेगळा प्रत्यय आहे.

आता मार्कच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय, वचनं २५–२७ काढ. रक्तस्रावाने पीडलेल्या बाईबद्दल ग्रीकमध्ये ओळीने सात धातुसाधितं येतात आणि मग मुख्य क्रियापद, ‘स्पर्श केला’. सगळीकडे कर्ती तीच. पण ‘वैद्यांच्या हातून हाल सोसले’चं ‘वैद्यांनी हाल केले’ असं करावं लागलं, की कर्ता मध्येच बदलतो. तिथून बाईकडे परतताना प्रत्यय चुकला, तर येशूच्या वस्त्राला वैद्यच हात लावतात! शब्द सगळे बरोबर असतात, म्हणून नुसतं वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. शिवाय स्थळ-काळ बदलला की कर्ता तोच असूनही अमेलेत कधीकधी ‘कर्ता बदलला’चा प्रत्यय येतो. नियम आंधळेपणाने लावून चालत नाही.

म्हणून मसुदा चार-पाच वचनं करत मोठ्याने वाचायचा, अनुवादात सहभागी नसलेल्या माणसासमोर. ‘कळलं का?’ विचारू नकोस; लोक भिडेपोटी हो म्हणतात. ‘वस्त्राला कुणी हात लावला?’ असं विचार. मग तिसऱ्याच माणसाकडून त्या मसुद्याचा तोक पिसिनमध्ये, म्हणजे तिथल्या सामाईक संपर्कभाषेत, उलट अनुवाद. त्याला तोक पिसिन बायबल पाठ नसावं, नाहीतर मसुद्यातली उणीव तो आठवणीने भरून काढतो. अनुवाद तपासणारा सल्लागार मसुदा ग्रीकशी ताडून पाहतो तो या उलट अनुवादाच्याच आधारे, त्यामुळे इथे घाई अजिबात नको.

मार्क २:५ आणखी कठीण. ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ यात क्षमा करणारा सांगितलेला नाही, आणि पुष्कळ पापुआ भाषांत कर्मणी प्रयोगच नाही. ‘देवाने केली’ लिहिलं, तर ‘देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो?’ हा सातव्या वचनातला शास्त्र्यांचा आक्षेप लटका पडतो. ‘मी केली’ लिहिलं, तर क्षमेचा अधिकार आपल्याला आहे हा दहाव्या वचनातला येशूचा दावा आधीच फुटतो. मी तरी ‘मी’च निवडेन, आक्षेपावाचून तो प्रसंग उभाच राहत नाही.

भावाचं नातं सांगताना थोरला की धाकटा हे सांगावंच लागत असेल, तर शिमोन आणि आंद्रिया या शिष्य-भावांचं पहिल्याच अध्यायात ठरवून पॅराटेक्स्ट या बायबल-अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये टिपून ठेव. बायबलची पुढची पुस्तकं वेगळ्या हातांनी होतात.

तुझा,
मनोहर