पिवळे सोयाबीन, पण रोग कोणता?

महोदय,

सोयाबीन पिवळे पडले की सरसकट 'येलो मोझॅक' (पांढरी माशी पसरवते तो विषाणूरोग) ठरवून कीटकनाशक फवारले जाते. आधी झाड उपटा. मुळाची साल सोलून आत कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे ठिपके दिसले तर ती बुरशीमुळे होणारी मूळकूज. खोड चिरल्यावर लालसर पोकळी व अळी असेल तर खोडमाशी ही कीड. मूळकूज फुले-शेंगांच्या वेळी, पावसाच्या उघडिपीत जोर धरते; तेव्हाची फवारणी बहुधा वायाच. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया, रुंद सरी-वरंबा हे पेरणीच्या वेळचेच काम. त्यात सोयाबीनमागे हरभरा ही आपली ठरलेली फेरपालट! हरभऱ्याची कोरडी मूळकूज आणि रब्बी ज्वारीचा खडखड्या रोगही या मूळकुजीचीच बुरशी आणते. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीच्या कृषी सहायकांनी) नुकसानीच्या पंचनाम्याला येताना किमान चार झाडे उपटून पाहावीत.

– एक शेतकरी वाचक, वाशीम