सुट्टीची पाटी लेणीच्या दारात नको, स्टँडवर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेलूत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती, रेल्वेचं आरक्षण ही रोजची कामं. अलीकडे त्यात लेण्यांच्या तिकिटांची भर पडली आहे. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की लोक येतात आणि सिनेमाचं तिकीट सांगावं तसं सांगतात, "अजिंठ्याची चार काढ, वेरूळची चार काढ."

अजिंठा आणि वेरूळला भारतीय माणसाला खिडकीवर रोखीनं ४० रुपये पडतात, ऑनलाइन ३५. बीबी का मकबरा आणि देवगिरीच्या किल्ल्याला हेच २५ आणि २० आहे. म्हणजे ऑनलाइन काढणाऱ्याचे पाच रुपये वाचतात. ते वाचवायला माणूस माझ्याकडे येतो आणि मी तिकिटामागे दहा रुपये घेतो! लोकांना हा हिशेब कळत नाही असं नाही. लांबून जायचं, लेकरंबाळं सोबत, तिथं रांगेत उभं राहायला नको म्हणून देतात बिचारे. मलाही पोट आहे, त्यामुळे मी काही बोलत नाही. आज पेपरात लिहितो आहे, ते माझ्या धंद्याच्या विरुद्धच म्हणा ना.

हे तिकीट काढणं वाटतं तितकं सोपं नाही. नाव, वय, ओळखपत्र सगळं भरून होतं आणि ओटीपी जातो पुण्याला, कारण बापाच्या नावावरचं सिमकार्ड पोराच्या मोबाइलमध्ये. पोरगा कंपनीत ड्युटीवर. तोपर्यंत पान बंद पडतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी तिकीट निघालं की मी प्रिंट हातात देतो, कारण मोबाइलमध्ये ठेवलेलं तिकीट डोंगरात रेंज गेली की उघडत नाही. एका काकांनी ती प्रिंट चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवली होती. घडी नेमकी क्यूआर कोडवरून गेली, वरून घाम. गेटवरच्या मशीननं काही ते ओळखलं नाही आणि काकांनी खिडकीवर रोख पैसे देऊन दुसरं तिकीट घेतलं. परत आल्यावर मला म्हणाले, "तुझ्या कागदापरीस ती खिडकी बरी."

एवढं सगळं दुसऱ्यांना समजावून सांगणारा मी, पण लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तशी माझी गत झाली. दोन वर्षांपूर्वी श्रावणी सोमवारी आईला घेऊन वेरूळच्या घृष्णेश्वराला गेलो. आई, बायको, दोन पोरं, वहिनी आणि तिची मुलगी. दर्शनाच्या रांगेत संध्याकाळ झाली. मुक्काम करू, सकाळी कैलास लेणं पाहून निघू, असं ठरलं. मंदिरापासून लेणी हाकेच्या अंतरावर. मंगळवारी सकाळी अंघोळी आटोपून चालत गेलो तर दार बंद, आणि शेजारी पाटी : मंगळवारी बंद. आमच्यासारखीच आणखी पन्नासेक माणसं पाटी वाचत उभी होती. बहुतेक सगळी कालच्या रांगेतली. आई म्हणाली, "महादेवाला कुठं सुट्टी असती का रे?" तिला काय सांगणार? तिकीट आधी काढायला बसलो असतो तर तारखेपाशीच अडलो असतो. पण लेणी जवळच, खिडकीवर काढू म्हणून गेलो, आणि वाराकडे लक्षच गेलं नाही.

वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद. एवढी दोन वाक्यं आहेत. त्यातही गंमत बघा, श्रावणातला सोमवार म्हणजे वेरूळला सगळ्यात जास्त माणूस, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी लेण्यांची सुट्टी. देखभालीला एक दिवस लागतो हे मान्य. तक्रार सुट्टीची नाहीच. ती पाटी जिथं प्रवास संपतो तिथं लावली आहे, ही तक्रार आहे. परभणीहून, गेवराईहून, औशाहून माणूस निघतो तेव्हा त्याला हे कोणी सांगत नाही.

अजिंठ्याचं तर आणखी वेगळं. सेलूवरून अजिंठा एक्स्प्रेस जाते म्हणून ती अजिंठ्याला थांबत असेल असं समजणारे लोक मला भेटले आहेत. आपली गाडी घेऊन गेलं तरी ती थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावायची आणि पुढचे चारेक किलोमीटर एस.टी.च्या बसनं जायचं. त्या बसचं तिकीट वेगळं. माझ्याकडून काढून नेलेल्या कागदात ते धरलेलं नसतं, आणि मग टी-पॉइंटवर माणूस कंडक्टरशी भांडतो, "आमचं ऑनलाइन झालंय." लेणी नऊला उघडतात. ज्यांना पहिल्या लेणीतलं पद्मपाणीचं चित्र नीट पाहायचं आहे त्यांनी तेव्हाच पोचावं, कारण चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी थोडीच माणसं सोडतात आणि दुपारी बाहेर ताटकळावं लागतं. आत चपला काढाव्या लागतात, फ्लॅश चालत नाही. हे मी आता प्रिंटच्या मागे पेनानं लिहून देतो.

शाळांच्या सहलींचा एक घोळ आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सातवीचा वर्ग असेल तर प्रश्नच नाही, फक्त गुरुजींची काढायची. दहावीत मात्र निम्मी पोरं पंधराच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. मागच्या हिवाळ्यात एक सर हजेरीपट घेऊनच आले आणि आम्ही दोघं जन्मतारखा मोजत बसलो. अशा वेळी मुलांचे आधार सोबत न्या एवढं सांगतो.

आणखी एक गोष्ट सावधगिरीची. मोबाइलवर लेण्यांचं नाव टाकलं की वर येतं ते दर वेळी सरकारी पान असतंच असं नाही. माझ्या एका ग्राहकाच्या पुतण्यानं अशाच एका खासगी पानावरून 'गाइडसह दर्शन' म्हणून चौघांचे अडीच हजार भरले. गेटवर गाइड आला नाही, फोन उचलला नाही, आणि प्रवेशाचं तिकीट तर त्यात नव्हतंच. पैसे भरण्याआधी पान कोणाचं आहे ते बघावं. गाइड घ्यायचाच तर तिथं ओळखपत्र पाहून, पैसे आधी ठरवून घ्यावा. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, एकाच खडकातून, हे कोणी शेजारी उभं राहून दाखवलं तर त्या पैशाचं चीज होतं.

हा सुट्टीचा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. आपल्या भागातले लोक हैदराबादला सारखे जातात, आणि सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. ताजमहालही शुक्रवारी बंद. गुरुवारी रात्री गाडीत बसणाऱ्याला मी आता आरक्षण करतानाच विचारतो, "सालारजंग बघायचंय का?" (जाता जाता : तेरच्या लामतुरे संग्रहालयाची चौकशी करणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. सातवाहनांच्या काळातला एवढा ठेवा आपल्याच धाराशिव जिल्ह्यात पडून आहे.)

माझं मागणं फार नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक एस.टी. स्टँडवर वेळापत्रकाचा बोर्ड असतो. त्याच्याच खाली रंगानं दोन ओळी लिहा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. श्रावणात वेरूळच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा स्पीकरवरून तेवढंच सांगा. ऑनलाइन कितीही वाढलं तरी रोखीची खिडकी बंद करू नका, कारण घडी पडलेला कागद घेऊन येणारा माणूस शेवटी तिथंच जातो. आणि आपल्या पेपरात बाजारभावाची चौकट रोज येते, तिच्या शेजारी श्रावणातल्या रविवारी ही ओळ छापली तर वेरूळच्या दारातली निम्मी गर्दी तरी टळेल.

यंदा आईला पुन्हा नेणार आहे, बुधवारी. तिकिटं काढलेली नाहीत. खिडकीवर काढीन.

आपला,
एक वाचक, सेलू, जि. परभणी