कोरा गणवेश अंगावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात फोंड्याला माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-बीडिंग, मुलांचे गणवेश अशी कामं असतात. गणेश चवथीची गर्दी उसळली की पेन हातात धरायला सवड मिळत नाही, म्हणून आत्ताच लिहिते. नवा कपडा धुऊनच अंगात घालावा, आणि शाळेचा गणवेश तरी पालकांना तो धुऊन वाळवता येईल इतक्या आधी मिळावा, एवढंच मागणं आहे.

यंदा जूनमध्ये आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेचे गणवेश पालकांच्या हाती पडले ते शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी. बाहेरून शिवून आलेले, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. बाहेर पाऊस कोसळत होता. धुणार कधी आणि वाळणार कधी? मुलांनी तसेच घातले, वाटेत भिजले आणि दिवसभर अंगावरच वाळवले. थोड्याच दिवसांत काही आया हाफपँटची कंबर आवळून घ्यायला आल्या, तेव्हा पोरांच्या मानेवरचं, काखेतलं, मांडीच्या आतलं लाल पुरळ दाखवत होत्या. मी डॉक्टर नाही, ते नुसतं घामोळंही असेल. पण कपड्यातल्या रंगाने किंवा रसायनाने अंगावर उठतं तेही बहुधा याच जागी, जिथे कापड घासतं आणि घाम मुरतो.

कापड दुकानात येईपर्यंत त्यावर काय काय चढतं, हे आम्हा शिलाईवाल्यांना बोटांनी कळतं. मागावर उभा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. स्वस्त सुती कापडात ती तशीच राहते, किंवा कापड भरदार दिसावं म्हणून पुन्हा चढवतात. पहिल्या पाण्यात ती निघाली की पोत खरा कळतो. गडद निळं कापड कापलं की कात्री धरणारा हात निळा होतो. सुती कापडाला आजकाल जे रंग देतात त्यांचा काही भाग धाग्याला न चिकटता मोकळाच राहतो. गिरणीने तो गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन काढायचा असतो. जिथे पाणी वाचवतात तिथला तो मोकळा रंग आपल्या बनियनवर येतो. पॉलिस्टरचे काही निळे रंग तर त्वचेच्या ॲलर्जीसाठी डॉक्टरांच्या चांगलेच ओळखीचे आहेत.

जुलै २०१८ कोण विसरेल? मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या वादाने आपल्या ताटातली मासळी गेली आणि गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवस बंदी घातली. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू. ‘इस्त्रीची गरज नाही’ म्हणून जे शर्ट विकतात, त्यांच्या कापडावर सुरकुती पडू नये म्हणून बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडपासूनच केलेली राळ चढवलेली असते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो थोडा थोडा सुटतो, आणि दमटपणाची आपल्याकडे काय कमी! मासळीसाठी रस्त्यावर उतरलेली माणसं शर्टाबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

तरी घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या तपासणी कार्यालयाने २०१० साली कपडे आणि इतर कापडी वस्तू मिळून १८० नग फॉर्मल्डिहाइडसाठी तपासले, तेव्हा कडक मर्यादेच्या वर फक्त १० निघाले, आणि त्यांत सुरकुती न पडणाऱ्या कपड्यांचाच भरणा होता. म्हणजे बहुतेक कपडे ठीक असतात. पण कुठला ठीक आणि कुठला नाही, हे दुकानात हात लावून कळत नाही. जपानने १९७३ सालीच कायदा करून मर्यादा घातली, आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांसाठी ती मोठ्यांच्यापेक्षा कितीतरी कडक ठेवली. आपण निदान बादलीभर पाणी तरी खर्च करावं. एका धुण्याने सगळं जात नाही, पण सुटं असतं ते बरंचसं जातं.

यावर वयस्क बायकांचं उत्तर मला पाठ आहे. नव्या कपड्याला हळदी-कुंकवाचं बोट लावायचं आणि घडी मोडायची, धुतला की मग तो नवा कसला? मावशींनो, बोट धुतल्यावर लावा, देव काही रागावत नाही. आणि आपल्याच घरात जन्मलेल्या बाळाला आधी काय गुंडाळतो? जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. झबली-टोपडी बारशाला. हेही आपल्या आज्यांनीच ठरवलेलं ना?

बाळाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगते. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी, स्वेटर थेट तान्ह्याच्या अंगावर घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटू शकतात आणि कावीळ भडकू शकते. इथे नुसतं धुणंही पुरत नाही. बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नयेत हे उत्तम.

दुकानात दहा जणांनी घालून पाहिलेला कपडा आपण ‘नवा’ म्हणून घरी आणतो, हेही आहेच. खरजेचा किडा अंगावरून उतरल्यावरही दोन-तीन दिवस जगतो.

सगळंच बादलीत बुडवा असं मात्र नाही. पैठणी, जरीची साडी, सूट यांना पाणी दाखवू नका. सावलीत वाऱ्यावर टांगा, आत सुती कपडा घाला. धुतलेला कपडा दुकानदार परत घेत नाही, म्हणून आधी घरी घालून, शिवण-बटणं तपासून मगच लेबल काढा. पहिल्या वेळी गडद कपडा वेगळा, थंड पाण्यात, आणि पाणी नितळ निघेपर्यंत. मिठाचं पाणी करण्याचा खटाटोप सोडा. मीठ रंगवताना कामाला येतं, रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग त्याने धरून ठेवला जात नाही. आणि पावसात अर्धवट वाळलेला कपडा घालण्यापेक्षा न धुतलेला परवडला, गजकर्ण कुणाला हवंय? पंख्याखाली रात्रभर ठेवा, सकाळी इस्त्री फिरवा. पॉलिस्टर-सुती मिश्र कापड तेवढ्यात वाळतं.

ब्लाउजचं अस्तर आणि साडीचा फॉल भिजवून, वाळवून आणल्याशिवाय मी कात्री लावत नाही. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आखडतं आणि वरचं कापड चुण्या पडून बसतं, मग बोल शिंपिणीला. ‘कालच आणलं, उद्या हवं’ म्हणणाऱ्यांशी माझं दर चवथीला भांडण होतं. पणजीच्या अष्टमीच्या फेरीत, म्हणजे गोकुळाष्टमीच्या बाजारात, कपडे घेणाऱ्यांना चवथीपर्यंत दीडएक आठवडा मिळतो. घरी आल्या आल्या भिजत घातले तरी पुरे.

पालकांच्या हाती मात्र काही नसतं. आमच्या भागात गणवेशाची मापं मार्चमध्येच घेतात. तेव्हा कपडे मे महिन्यात, ऊन असताना देणं अवघड नसावं. पुढच्या वर्षीची ऑर्डर देताना पालक-शिक्षक संघांनी पुरवठादाराकडून ती तारीख लेखी घ्यावी, आणि उशीर झाल्यास पहिले आठ दिवस मुलांना घरच्या कपड्यांत येऊ द्यावं.

आपली,
एक शिलाईवाली, फोंडा