किगालीच्या मामांना

मामा, (आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, तुमच्याकडे मोठ्या बाईला म्हणतात, पण आता तेच तोंडात बसलंय) पत्र मराठीत लिहितेय, लेक फोनवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवेल तुम्हाला.

हे गेले त्याला परवा पाच महिने झाले. ज्या कंपनीसाठी पुणं सोडून किगालीतल्या न्यामिरांबो वस्तीत आलो त्यांच्याकडून एक मेल आला फक्त, आणि नातेवाइकांचे व्हॉट्सअपवर जोडलेले हात. तुम्ही मात्र सरळ आत आलात, मी काढून आरशाला चिकटवलेली टिकली बघितलीत, पडली असेल असं वाटलं तुम्हाला, आणि अंगठ्यानं दाबून परत माझ्या कपाळावर लावलीत. नवरा गेला की आमच्यात ती का काढतात हे तुम्हाला कुठं माहीत होतं, आणि मला सांगावंसंही वाटलं नाही. तशीच विमानात बसले. घरी काकू कपाळाकडे बघत राहिल्या, बघू देत, अजून लावते.

त्या रात्री तुम्ही रवांडातल्या 1994 च्या नरसंहाराबद्दल पहिल्यांदा बोललात. शंभर दिवसांत आठ लाखांवर माणसं मारली, त्यात तुमचा नवरा आणि दोन्ही मुलगे, आणि जग काय करत होतं तर कत्तल ऐन भरात असताना 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेनं शांतिसेना कमी करून 270 वर आणायचं ठरवलं. मदत आली ती विधवांचीच विधवांना, 1995 ला पन्नास जणींनी अवेगा ही विधवांची संघटना सुरू केली, तिथंच तुम्हाला जेवण आणि माणसं मिळाली म्हणालात. 1999 च्या कायद्यानं मुलींना वारसा मिळाला, म्हणून तुमच्या लेकीच्या नावावर जमीन आहे. नंतर गचाचा, म्हणजे गावच्याच लोकांनी चालवलेल्या कोर्टात तुम्ही स्वतः न्यायाधीश म्हणून गवतावर बसलात, समोर गावातलेच मारेकरी, आणि 2008 ला तुमची संसद बायकांचं बहुमत असलेली जगातली पहिली झाली हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता, तो अजून कानात आहे माझ्या. एवढं सोसलेली बाई माझ्यासारख्या परकीच्या उशाशी रात्रभर बसते, चांगली माणसं अशीच असतात बहुतेक, आपलं दुःख बाजूला ठेवून दुसऱ्यासाठी पेज ढवळत बसतात.

सोबत टिकल्यांचं पाकीट पाठवतेय, मरून रंगाच्या, तुम्ही निरखून बघायचात ना त्याच. लेकीला म्हणावं एक तुम्हाला लावून फोटो पाठव.