काका, तुम्ही खुर्ची मागे घेतलीत

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

काल गाडीची नवीन आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, हातात आली. कर्जाच्या रकान्यात आता फायनान्स कंपनीचं नाव नाही. पाकीट फोडल्याबरोबर तुम्हालाच फोन लावणार होते. पण मी दोन वाक्यं बोलेपर्यंत तुम्ही "बरं झालं, बरं झालं" म्हणत फोन ठेवला असतात, हे मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. चारचौघांना वाचता येईल असंच लिहिते आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

ती गाडी मी हौसेने घेतली नव्हती. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, तासगावहून मिरजेला. जाताना एसटी चालायची, येताना तिला बसवत नसे. जून २०२२ मध्ये जुनी गाडी घेतली. चार लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता ९,६६७ रुपये. मी सहावीला सरळव्याज शिकवते. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. व्याज आलं १ लाख ८० हजार. एजंटचा आकडा आणि माझा आकडा तंतोतंत जुळला आणि मी निर्धास्तपणे सह्या केल्या.

एप्रिल २०२५ मध्ये आई गेली. तिची उशी अजून मागच्या सीटवर होती. दारात उभी गाडी बघवेना. गिऱ्हाईक मिळालं, पण कर्ज मिटल्याशिवाय गाडी त्याच्या नावावर होणार कशी? छत्तीस हप्ते भरून झाले होते. कंपनीत विचारलं तर तोंडी आकडा सांगितला, २ लाख ४७ हजार. कशाचे? "सिस्टीममध्ये तेवढेच दिसतात, मॅडम." कागद मागितला तर "आधी रक्कम जमा करा".

तुमच्या दारात येण्याआधी मी कुठे कुठे गेले होते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सांगते. कर्ज देताना तीन वेळा घरी येऊन आईच्या हातचा चहा प्यायलेल्या एजंटने माझा फोन उचलणं बंद केलं. फायनान्समधल्या एका नातलगाने "सही केलीस ना, मग भर आता" असं सांगितलं. एका वकिलांना रक्कम फार किरकोळ वाटली. एका पुढाऱ्याच्या ऑफिसात दोन तास बसवून "बघतो" एवढंच उत्तर मिळालं. यांतल्या एकानेही माझा करार हातात घेऊन वाचला नाही. मला राग आहे तो याचा.

तुम्ही वाचलात. सगळा, बारीक अक्षरांसकट, चष्मा दोनदा पुसून. मग रेघी वही काढून पेन्सिलीने साठ ओळी आखल्यात. मुद्दल दर महिन्याला घटतं आहे, पण व्याज मात्र पाचही वर्षं पुऱ्या चार लाखांवर लावलं आहे, हे ओळीओळीने दाखवलंत. कागदावर ९ दिसणारा दर खरा पावणेसोळाच्या आसपास पडतो. तीन वर्षांत मी ३ लाख ४८ हजार भरले होते आणि तरी १ लाख ९८ हजार मुद्दल शिल्लक होतं. मुलांना मी जे सूत्र शिकवते त्याच सूत्राने मला फसवलं होतं. मला इतकं लाजल्यासारखं झालं, की मान वर करवेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, मी चौतीस वर्षं बँकेत होतो. माझ्या स्वतःच्या घरकर्जावर मीही न वाचताच सही केली होती."

तुम्ही खोटी आशाही लावली नाहीत. "मुदतीआधी फेडण्याचे ५ टक्के करारात आहेत, दर स्थिर आहे, ते आणि त्यावरचा जीएसटी द्यावा लागेल. त्यासाठी भांडू नका. भांडायचं ते या दंडावरच्या दंडासाठी." आई आयसीयूत असताना डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ चे माझे हप्ते चुकले होते. पुढे मी ते भरले, पण त्यांचा दंड मुद्दलासारखा धरून त्यावर व्याज चढत गेलं होतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकातच असं करायला मनाई केली आहे आणि जुन्या कर्जांनाही जून २०२४ पर्यंत तो नियम लावायचा होता, हे मला तुमच्याकडून कळलं. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, हेही. त्या डिसेंबरात रात्री साडेनऊला दवाखान्याच्या व्हरांड्यात मी ते फोन घेत होते, काका. "घेते, भरते, माफ करा" म्हणत होते.

अर्ज, पोच, ईमेल यांचं इथे लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते त्या सोमवारबद्दल.

आपण दोघं शाखेत गेलो. समोरच्या मुलाने दोन खुर्च्या दिल्या आणि बोलायला सुरुवात केली ती तुमच्याशी. "सर, असं आहे ना सर." कर्ज माझं, सही माझी, हप्ते माझ्या पगारातून, पण माझ्याकडे तो बघतही नव्हता. मला त्याची सवय झाली होती. तुम्ही त्याला अडवलंत. "कर्ज बाईंचं आहे, त्यांच्याशी बोला," म्हणालात, उठलात आणि आपली खुर्ची हातभर मागे ओढून माझ्या मागे बसलात. फरशीवर तिचे पाय खरडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मग तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. मी वही उघडली आणि म्हटलं, "मुद्दल, व्याज, दंड, सगळ्याचा वेगवेगळा हिशेब मला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार घेऊन जाणार आहे." माझा आवाज कापला नाही. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तो मला माझा वाटला.

तुम्हीच बोलला असतात तर काम कदाचित लवकर झालं असतं. पण मग मी आयुष्यभर कुणाला तरी सोबत घेऊन जात राहिले असते.

लोकपालांपर्यंत जावं लागलंच नाही. अठराव्या दिवशी नवा हिशेब आला, २ लाख ९ हजार ७०३ आणि चालू महिन्याचं थोडं व्याज. ३७ हजारांहून जास्त रक्कम गळली होती. तुमच्या वहीतला आकडा आणि त्यांचा आकडा एकच होता.

मी पाकीट दिलं ते तुम्ही परत केलंत. तासगावचे बेदाणे आणले, त्यातले मूठभर घेऊन बाकीचे "शाळेत वाटा" म्हणालात. शिकलेली, अनुभवी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. दुसऱ्याच्या कागदावर एक अख्खी दुपार घालवून वर त्याला ओशाळं वाटू न देणारी किती असतील? माझ्या आईला तुम्ही आवडला असतात. तिच्या लेखी याहून मोठं कौतुक नव्हतं, म्हणून सांगते.

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाचंही असंच काहीतरी झालं आहे. मंगळवारी संध्याकाळी त्यांना घेऊन येऊ का? करार मी वाचून ठेवला आहे, शंका आलेल्या जागी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. येताना बेदाणे आणते. या वेळी परत करू नका.

तुमची,
तासगावच्या बाई